एक किलोचं पाऊण किलो

बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ‘सिल्क बोर्ड’ म्हटलं की मडिवाळ्याजवळचा चौक आणि तिथली वाहतूककोंडी आठवते. ज्या कार्यालयावरून चौकाला नाव पडलं, ते केंद्रीय रेशीम मंडळ फार थोड्यांनी आतून पाहिलेलं असतं. १९४८च्या कायद्यानं जन्माला आलेल्या या मंडळाच्या आवारात १९८३ साली स्थापन झालेली केंद्रीय रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तुतीची लागवड आणि अळ्यांचं संगोपन हे तिचं काम नव्हे. कोष तयार झाला की तिचं काम सुरू होतं: धागा कसा काढायचा, पीळ किती द्यायचा, धुवायचं कसं, रंगवायचं कसं. येवल्याच्या पैठणीचं बरंचसं रेशीम बंगळुरूहून येतं. त्यामुळे इथं जे ठरतं ते आपल्या कपाटातल्या घडीपर्यंत पोचतं.

शहराचं रेशमाशी नातं जुनं. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी तज्ज्ञ आणून इथं रेशीमशेती उभी केली. बसवनगुडीच्या बाजूला ‘टाटा सिल्क फार्म’ हे नाव आजही टिकून आहे. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर रामनगरचा कोषबाजार. जालना-बीडकडचे शेतकरी गाड्या भरून तिथं कोष विकायला नेत. २०१८मध्ये जालन्यातच कोषबाजार सुरू झाला आणि अनेकांचा तो फेरा वाचला.

कोषातला धागा म्हणजे दोन बारीक तंतू आणि त्यांना चिकटवून ठेवणारा डिंक. तंतू फायब्रॉइन या प्रथिनाचे, डिंक सेरिसिन या दुसऱ्या प्रथिनाचा. रेशमावर पुढे होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रक्रियेचा संबंध या डिंकाशी येतो. पतंग कोष फोडून बाहेर पडू नये म्हणून आधी कोष तापवून वाळवतात. इथं आच जास्त झाली तर डिंक घट्ट बसतो, गरम पाण्यात नीट सुटत नाही आणि रिळावर घेताना तार सारखी तुटते. चांगल्या दुबार, म्हणजे वर्षातून दोन पिढ्या देणाऱ्या, जातीच्या कोषातून हजार मीटरहून लांब अखंड तार निघू शकते. वाळवणीत चूक झाली की त्या लांबीचा फायदाच मिळत नाही. शेतकऱ्यानं महिनाभर राबून मिळवलेला गुण असा काही तासांत जातो.

कच्च्या रेशमाची लड हातात घेतली तर ती ताठ लागते, थोडी खरखरीत, रंग निस्तेज. ती कोरडी करून काट्यावर ठेवायची. मग साबण आणि सोडा घातलेल्या, उकळीच्या जरा खाली ठेवलेल्या पाण्यात सोडायची आणि दांड्यावर फिरवत राहायची. पाणी गढूळ होत जातं, लड हळूहळू लोंबकळू लागते. धुऊन वाळवून परत काट्यावर ठेवली की एक किलोचं साधारण पाऊण किलो भरतं. पाव किलो डिंक पाण्यात गेला. उरलेला धागा मऊ असतो, त्याला झळाळी असते आणि तो रंग नीट पितो. डिंक उतरवण्याचं हे काम कारखान्यात डिगमिंग म्हणून ओळखतात, आणि माझ्या मते रेशमाचा खरा कस इथंच लागतो. डिंक कमी उतरला तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी बसतो. खार जास्त झाला किंवा लड फार वेळ उकळली तर डिंकापाठोपाठ तंतूच खाल्ला जातो. धाग्यावर लव येते, ताकद जाते. सुताला चालणारा कॉस्टिक सोडा रेशमाला चालत नाही. पाणी जड असेल तर चुन्याचा साबण तयार होऊन धाग्यावर बसतो आणि झळाळी मारतो. म्हणूनच आता विकरांनी, म्हणजे एन्झाइमनी, कमी तापमानाला डिंक काढण्याच्या पद्धतीही वापरात आल्या आहेत.

पाव किलोची ही घट व्यापाऱ्याला नेहमीच खुपत आली. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाचे क्षार रेशमात मुरवून वजन भरून काढायची रीत पसरली. कापड जड पडे, चुणी सुरेख येई. पण क्षारांनी तंतू आतून कुजे. त्या काळातले किती तरी झगे आज संग्रहालयांच्या पेट्यांत घडीवर चिरत चालले आहेत आणि त्यावर इलाज नाही.

रेशीम ओलही धरतं. व्यवहारात पूर्ण सुकवलेल्या वजनावर ११ टक्के ओल धरून हिशेब करतात. नाहीतर पावसाळ्यात घेणारा पाण्याचे पैसे मोजतो.

पिळाचं गणित निराळं. कमी पिळाचा धागा गुळगुळीत, चमकदार. इंचाला पन्नासच्या आसपास पीळ दिला की तोच धागा आक्रसतो आणि कापडाला जॉर्जेटची खरबरीत उसळी येते. त्यासाठी उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे आलटूनपालटून घेतात.

टसरचा कोष आणखी हट्टी. गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात होणाऱ्या या कोषाचा डिंक साध्या गरम पाण्याला दाद देत नाही, आधी खारात शिजवावा लागतो. छत्तीसगड, झारखंडमध्ये बायका हा धागा उघड्या मांडीवर घासून काढत आल्या. कातडी सोलवटते आणि धागाही एकसारखा येत नाही. मांडीऐवजी यंत्रावर टसरचा धागा काढता यावा म्हणून रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं छत्तीसगडमधल्या चांपाच्या उद्योजकाबरोबर तयार केलेल्या ‘बुनियाद’ यंत्राला मी तिच्या कामांत सगळ्यात वर ठेवेन, कारण त्यानं धागा आणि बाई दोघांचं भलं होतं.

रेशीम मंडळानं २००४मध्ये आणलेला ‘सिल्क मार्क’ खरं रेशीम कोणतं ते सांगतो. धागा किती उकळला, कशात उकळला, हे मात्र त्यावरून कळत नाही. पैठणी घेताना आपण जरतार तपासतो, पदरावरचे मोर मोजतो. रेशीम कुठं धुतलं आणि घट किती आली, हे विणकराला विचारत नाही. चांगला विणकर ते लगेच सांगेल, कारण लड धुण्याआधी आणि धुतल्यावर त्यानं ती काट्यावर ठेवलेली असते.