कोरड्या पोटाचा बोर्ड

विंडसर्फिंग हा तरंगत्या फळीला सर्व दिशांना कलणाऱ्या सांध्याने डोलकाठी जोडून, सुकाणूविना, केवळ शीड पुढे-मागे झुकवून दिशा साधण्याचा खेळ असून, त्यात शिकाऊपण संपल्यानंतर आणि प्रावीण्य येण्यापूर्वी जी लांबलचक मधली पायरी लागते, तिच्यावर उभ्या असलेल्या खेळाडूने स्वतःचा पहिला बोर्ड वापरलेलाच घ्यावा, असे बहुतेक जाणकार सांगतात. युरोपात नव्या बोर्डाला दीड ते अडीच हजार युरो पडतात, शीड, डोलकाठी आणि शिडाला दोन्ही बाजूंनी वेढणारा हातात धरायचा दांडा, म्हणजे बूम, यांचा खर्च त्याहून वेगळा असतो, आणि या पायरीवरच्या खेळाडूची गरज दोन-तीन हंगामांतच बदलते. मधल्या पायरीचा खेळाडू म्हणजे ज्याला शीड दोरीने उपसून उभे करता येते, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तिरपे चढत निघाल्या जागी परतता येते, कमरेला बांधून बूमला अडकवायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, वापरण्याची सवय होत आहे, पण पायपट्ट्यांत दोन्ही पाय घालून भरवेगात जाणे आणि वारा पाठीवर घेऊन न पडता वळणे, म्हणजे जाइब, अद्याप साधलेले नाही असा खेळाडू होय. जुन्या बोर्डाची निवड करताना हीच माणसे सर्वाधिक फसतात, कारण नवख्याला शिकवणारा भेटतो आणि मुरलेल्याला अनुभव असतो, यांच्या हाती मात्र केवळ उत्साह असतो.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये शिडाची फळी तयार केली, कॅलिफोर्नियात विमान अभियंता जिम ड्रेक आणि होइल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये कलत्या सांध्याच्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, सत्तरीच्या दशकात हे वेड युरोपभर पसरले, पुरुषांसाठी १९८४ पासून आणि महिलांसाठी १९९२ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, आणि २०२४ मध्ये पाण्याखालच्या पंखांवर बोर्डाला उचलून धरणारा आयक्यूफॉइल हा प्रकार तेथे दाखल झाला. या पेटंटचा शेवट मात्र इतक्या घाईने उरकू नये, कारण तो मोठा रंजक आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्ये शीड लावलेली अशीच एक ओबडधोबड फळी चालवली होती, आणि पेटंटधारक कंपनीने टाबुर मरीन या कंपनीविरुद्ध लढवलेल्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने १९८५ मध्ये निकाल देताना, त्या मुलाचा खेळ आधीच जगासमोर होता हे ध्यानात घेऊन पेटंट रद्द ठरवले. टाबुरचा व्यवसाय बॉलपेनांसाठी प्रसिद्ध असलेल्या बिक या फ्रेंच उद्योगाकडे गेला आणि बिकचे स्वस्त, दणकट बोर्ड आजही जुन्या बाजारात हमखास आढळतात.

बोर्डाचे पहिले माप लिटरमध्ये सांगितले जाते. एक लिटर आकारमान गोड्या पाण्यात एक किलो वजन पेलते, या आर्किमिडीजच्या साध्या हिशेबाने पंचाहत्तर किलोचा माणूस, आठ किलोचा बोर्ड, तितक्याच वजनाचे शीड-डोलकाठी आणि भिजलेले कपडे मिळून सुमारे पंचाण्णव किलो होतात. म्हणजे पंचाण्णव लिटरचा बोर्ड त्या माणसाखाली जेमतेम पृष्ठभागाशी राहील आणि वारा पडल्यावर शीड उपसताना त्याची घोटाभर पाण्यात कसरत होईल. म्हणून या पायरीवर स्वतःच्या वजनात चाळीस ते साठ मिळवावेत, म्हणजे पंचाहत्तर किलोच्या खेळाडूने ११५ ते १३५ लिटरच्या आसपास पाहावे, हा आडाखा योग्य आहे. लहान बोर्डावर मुरलेला खेळाडू पाण्यात पडल्या अवस्थेतून शिडात वारा भरून त्याच्या ओढीने वर चढतो. ही वॉटरस्टार्टची हातोटी बसेपर्यंत लहान बोर्डाचा मोह म्हणजे मैलभर पोहण्याची तयारी समजावी.

लिटरइतकेच महत्त्व रुंदीला आहे, आणि येथे बोर्डाचे जन्मवर्ष कामी येते. नव्वदीच्या दशकात या वर्गातले बोर्ड २७० ते २८० सेंटिमीटर लांब आणि ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असत; २००० च्या सुमारास रचनाकारांनी लांबी कापून रुंदी वाढवली आणि २४० ते २५० सेंटिमीटर लांब, ७० ते ७८ सेंटिमीटर रुंद असे आखूड, पसरट बोर्ड आले. बोर्ड पाणी चिरत जाण्याचे सोडून पृष्ठभागावरून घसरू लागतो, त्या अवस्थेला प्लेनिंग म्हणतात. रुंद शेपटीमुळे ती कमी वाऱ्यात येते आणि आडवा आधार वाढल्याने चुका पोटात घातल्या जातात. १९९५ चा अरुंद, देखणा बोर्ड कवडीमोलाने मिळत असला तरी तो वस्तुसंग्रहासाठी ठीक, शिकण्यासाठी नव्हे. त्यावर जाइब शिकणारा माणूस स्वतःच्या अकौशल्याला दोष देत बसतो आणि दोष खरे तर फळीच्या रुंदीचा असतो.

ब्रँडचा विचार मात्र बाजूला ठेवावा. थायलंडच्या चोनबुरी प्रांतातील, १९७८ मध्ये स्थापन झालेला कोब्रा इंटरनॅशनल हा कारखाना अनेक नामांकित कंपन्यांसाठी बोर्ड घडवत आला असून, एकमेकांशी चढाओढ करणारी दोन नावे पुष्कळदा एकाच छपराखालून बाहेर पडलेली असतात. वापरलेल्या बोर्डाची योग्यता त्याच्या नावात शोधण्यापेक्षा त्याच्या पोटात शोधावी, आणि प्रस्तुत लेखाचा खरा विषय तेथूनच सुरू होतो.

बोर्डाच्या पोटात थर्मोकोल असतो. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीपूर्वी गणपतीच्या मखरासाठी जो घरोघरी कापला जाई, तोच हा प्रसरण पावलेला पॉलिस्टायरिन. त्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे सोळा किलो असल्याने १२० लिटरच्या बोर्डाचा संपूर्ण गाभा दोन किलोंच्याही आत भरतो. उरलेले पाच-सहा किलो कवचाचे असतात, आणि बऱ्याच बोर्डांत हे कवच म्हणजे काचतंतू किंवा कार्बन तंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये घट्ट पीव्हीसी फोमची काही मिलिमीटरची चादर, असे इपॉक्सीने चिकटवलेले सँडविच असते. वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधली चादर दोघांतले अंतर टिकवते, म्हणून इतकी पातळ कातडी उड्या मारणाऱ्या माणसाचे वजन झेलते. मात्र ही सारी ताकद थर एकमेकांना चिकटून असण्यावर अवलंबून असते. टाचांचे आघात वर्षानुवर्षे एकाच जागी होत राहिले की थर सुटतात, आणि ही सुटलेली जागा बाहेरून गुळगुळीतच दिसते.

येथे मडके घेणाऱ्या बाईची रीत उपयोगी पडते. बोर्डाचा पृष्ठभाग बोटाच्या पेराने टिचक्या मारत पुढून मागे वाजवत गेल्यास निरोगी कवच खणखणीत, वरच्या पट्टीत बोलते आणि सुटलेल्या थराचा आवाज एकाएकी बसका, भदभदीत होतो. त्या जागी अंगठ्याने दाबल्यास कवच किंचित खाली जाऊन परत येते. पायपट्ट्यांच्या आसपासची टाचांची जागा, डोलकाठीचा पाया सरकवण्याच्या खाचेभोवतीचा भाग आणि पुढचे टोक, म्हणजे नाळ, या तीन ठिकाणी ही परीक्षा शांतपणे व्हावी. नाळ अशासाठी की खेळाडू वाऱ्याने पुढे भिरकावला गेला की डोलकाठी नेमकी तेथे आदळते, त्यामुळे वापरलेल्या बोर्डाची नाळ पूर्वी दुरुस्त झालेली असणे हे फारसे चिंतेचे नसून, ती दुरुस्ती लपवलेली असणे चिंतेचे आहे. जुन्या बोर्डावर एखादेच झळझळीत नवे स्टिकर दिसले तर त्याखाली काय आहे, हे विचारण्यास संकोच करू नये.

थर सुटण्याहून गंभीर प्रकार म्हणजे पाणी. थर्मोकोलचा प्रत्येक मणी स्वतःपुरता बंद असला तरी मण्यामण्यांमध्ये बारीक वाटा असतात, आणि केसाइतक्या भेगेतून शिरलेले पाणी त्या वाटांनी गाभ्यात पसरते. हे पाणी नुसते झिरपत नाही, बोर्ड ते ओढून घेतो. बंद पोकळीतील हवा २० अंशांवरून ६० अंशांवर तापली, आणि उन्हात उभ्या मोटारीच्या टपावर गडद रंगाचा बोर्ड इतका सहज तापतो, तर तिचा दाब सुमारे चौदा टक्क्यांनी वाढतो. चौरस मीटरमागे हा जोर जवळजवळ १४०० किलो भरतो आणि तो कवचाला गाभ्यापासून उचलू पाहतो. याच्या उलट, तापलेला बोर्ड थंड पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि जेथे भेग असेल तेथून पाणी आत खेचते. याच कारणासाठी बोर्डाच्या पाठीवर हवेचा एक छोटा स्क्रू असतो, जो विमानप्रवासात किंवा उन्हात सैल करायचा आणि पाण्यात जाण्यापूर्वी घट्ट करायचा असतो. काही बोर्डांत त्याच्या जागी हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असतो. बोर्ड पाहायला जाणाऱ्याने प्रथम हा स्क्रू फिरवून पाहावा. तो गंजून जाम झालेला असेल, किंवा त्याचे रबरी कडे चपटे होऊन चिरले असेल, तर मालकाने कित्येक हंगाम त्याकडे पाहिलेले नाही, असा निष्कर्ष काढता येतो, आणि तो मालकाच्या गोड बोलण्यापेक्षा भरवशाचा असतो. स्क्रू काढल्यावर भोक खाली येईल असा बोर्ड तिरका धरून पाणी ठिबकते का, हेही पाहावे. मात्र न ठिबकणे हा कोरडेपणाचा पुरावा नव्हे, कारण मण्यांच्या मध्ये अडकलेले पाणी बाहेर यायला महिने घेते.

म्हणून शेवटचा शब्द काट्याचा. प्रवासी बॅगा टांगून मोजायचा छोटा काटा आणि एक पट्टा एवढे सोबत नेले की पुरे. फिन आणि पायपट्टे काढून बोर्ड टांगावा आणि आलेला आकडा कारखान्याने त्या वर्षी, त्या बांधणीसाठी छापलेल्या वजनाशी ताडून पाहावा. कारखाने स्वतःच पाच-सहा टक्के कमी-जास्त धरतात, नाळेच्या दुरुस्तीला दोन-तीनशे ग्रॅम द्यावेत, पायपट्टे काढले नसतील तर चारांचा मिळून किलोभर वजा करावा. एवढे करूनही साडेसात किलोचा बोर्ड दहा किलो भरत असेल, तर दोन लिटर पाणी विकत घेतले जात आहे. असा बोर्ड फुकट मिळाला तरी नाकारावा, असे येथे निःसंकोच सुचवावेसे वाटते.

या संदर्भात कोकणाशी निगडित एक इशारा आवश्यक आहे. कोकणातील बंदरांत काचतंतूच्या मासेमारी होड्या दुरुस्त करणारे कुशल कारागीर असतात, आणि फुटलेला बोर्ड त्यांच्याकडे नेण्याचा विचार स्वाभाविक आहे. परंतु होड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असते आणि ते थर्मोकोलला पेट्रोलसारखे विरघळवते. बोटाएवढ्या भेगेवर ते ओतल्यास आत मुठीएवढी पोकळी तयार होते आणि वरून सारे चकचकीत दिसते. थर्मोकोलच्या बोर्डाला इपॉक्सीच लावावी, आणि जुना बोर्ड घेताना दुरुस्ती कशाने झाली, हा प्रश्न अवश्य विचारावा.

फिन, म्हणजे शेपटीखाली बसणारे पाते, ज्या खाचेत बसते तिचे पॉवर बॉक्स, टटल बॉक्स, यूएस बॉक्स असे प्रकार असून, खाच कोणती यापेक्षा तिच्या कडांना चिरा नाहीत ना, एवढे पाहावे. बोर्डाला उचलणारे पाण्याखालचे पंख, म्हणजे फॉइल, लावून वापरलेल्या बोर्डाच्या खाचेवर मात्र मूळ योजनेपेक्षा पुष्कळ अधिक ताण आलेला असतो, म्हणून तेथे संशयाला जागा ठेवावी. पायपट्ट्यांचे स्क्रू नुसते फिरत राहत असतील तर आतली खुंटी सुटलेली आहे आणि तेथूनही पाणी जाते.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हा खेळ खेळणाऱ्याने आणखी एक विचार करावा. येथे मतलई वारे पहाटे जमिनीकडून वाहतात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून उठतात. ते बेताचे असतात, आणि प्लेनिंगला साधारण बारा नॉटच्या पुढचा वारा लागत असल्याने पुष्कळशा दुपारी पसरट, मधले पाते नसलेला बोर्ड नुसता आडवा वाहत जातो. अशा जागी पोटाखाली खाली-वर होणारे पाते, म्हणजे डॅगरबोर्ड, असलेला बोर्ड अधिक उपयुक्त ठरतो. कनिष्ठ गटाच्या स्पर्धांत वापरला जाणारा २९३ सेंटिमीटर लांब, ७९ सेंटिमीटर रुंद आणि २०५ लिटरचा बिक टेक्नो २९३ या दृष्टीने उत्तम आहे. ऑलिंपिकमधून निवृत्त झालेला आरएस:एक्स हा मात्र, हांगझोच्या आशियाई स्पर्धांत २०२३ मध्ये एबाद अली यांनी त्याच प्रकारात भारताला कांस्यपदक मिळवून दिले असले तरी, ९३ सेंटिमीटर रुंदीचे, कसलेल्या शरीरासाठी घडवलेले शर्यतीचे साधन आहे आणि मधल्या पायरीवरच्या खेळाडूने स्वस्त मिळाला म्हणून तो एकमेव बोर्ड म्हणून घेऊ नये.

नेदरलँड्स, जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये वास्तव्य असलेल्या मराठी वाचकांना हा बाजार सर्वाधिक खुला आहे. नेदरलँड्समधील ग्रेव्हेलिंगेनच्या खाऱ्या सरोवराला उत्तर समुद्रापासून तोडणारा ब्राउवर्सडॅम १९७१ मध्ये पुरा झाला, आणि एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला सपाट पाणी असा दुहेरी लाभ देणारा हा बांध आज युरोपातील विंडसर्फिंगचे एक आवडते ठिकाण आहे. तेथे कोणता बोर्ड कोणाच्या पायाखाली कसा चालतो, हे एक दिवस नुसते पाहिले तरी निम्मी निवड होते. खरेदीसाठी हंगाम संपतानाचा काळ बरा, कारण तेव्हा गॅरेज मोकळे करण्याची घाई विकणाऱ्याला असते.

विकणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. जाहिरातीत बोर्डाचे वर्ष, लिटर आणि सूर्यास्ताचे छायाचित्र असते, वजन मात्र क्वचितच लिहिलेले आढळते. ते काट्यावर मोजून लिहावे. आणि बोर्ड टांगून मोजू देण्यास जो विक्रेता कां-कूं करील, त्याच्याकडून तो घेऊ नये.