आईची लेक, लेकीची आई

२०१७ ते २०२० या काळात आलेल्या ‘डार्क’ या जर्मन मालिकेतील विंडेन नावाच्या गावी तेहतीस वर्षांच्या अंतराने भूतभविष्याची दारे उघडतात, आणि तेथील पोलीसप्रमुख शार्लोट हिला मध्यमवयात असे कळून चुकते की, आपली धाकटी कन्या एलिझाबेथ हीच आपली जन्मदात्री आहे. कारण पुढे मोठ्या झालेल्या एलिझाबेथचे जे तान्हे मूल पळवून भूतकाळात एका घड्याळजीच्या स्वाधीन करण्यात आले, ते मूल म्हणजेच शार्लोट. वारसनोंद करणाऱ्या तलाठ्यापुढे हे प्रकरण आले असते, तर त्याने दप्तर बांधून थेट मामलेदाराची कचेरी गाठली असती.

कालप्रवासाचा प्रसिद्ध पेच निराळा. नातवाने भूतकाळात जाऊन अविवाहित आजोबांचा वध केला, तर नातू जन्मतच नाही, मग वध कोणी केला? ही उघड विसंगती होय. शार्लोटच्या कारणचक्रात अशी विसंगती मुळीच नाही. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या तत्त्वानुसार स्वतःशी सुसंगत अशाच घटना घडू शकतात, आणि हे चक्र त्या कसोटीला उतरते. तरीही मला तेच अधिक अस्वस्थ करते. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म घटकांचे जनुकद्रव्य मानवात मातेकडूनच अपत्याकडे येते. शार्लोटला ते एलिझाबेथने दिले, एलिझाबेथला शार्लोटने, म्हणजे कोणत्याही पूर्वजाने ते कधी दिलेच नाही. शिवाय अशा द्रव्याची नक्कल होताना क्वचित चूक होतेच. येथे मात्र एक चूक जरी टिकली, तरी चक्र पूर्ण होताना पहिली शार्लोट पुन्हा जन्माला येणार नाही, म्हणून निसर्गावर बिनचूकपणाचा हुकूम बजावणे प्राप्त होते.

बारान बो ओडार आणि यान्ट्ये फ्रीझे या कर्त्यांनी ही गाठ तिसऱ्या पर्वात सोडविली ती अशी, की नायक योनास आणि मार्था मूळ जगात जाऊन, ज्या अपघातापायी सर्व अनर्थ उद्भवला तोच टाळतात, आणि त्यासरशी स्वतःही नाहीसे होतात. ज्यांचे अस्तित्वच पुसले गेले त्यांनी अपघात टाळला कसा? दोन पर्वे कटाक्षाने वेशीबाहेर ठेविलेली विसंगती येथे राजरोस आत घेण्यात आली. पण प्रेक्षक तोवर त्या दोघांच्या वियोगात इतका गुंतलेला असतो, की तक्रार गुदरण्याचे भान त्याला राहत नाही.