जिन्याखालची सायकल बाहेर काढा

घरात मोटरसायकल आली की सायकल जिन्याखाली जाते. तिच्यावर गोणपाट पडते, गोणपाटावर जुनी भांडी, आणि एखाद्या पावसाळ्यानंतर ती भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाते. वस्तीतल्या कुठल्याही गल्लीत फिरा, हेच दिसेल.

याचे आम्हाला नवल वाटत नाही. आपल्याकडे सायकल ही हौसेची वस्तू नव्हतीच. गिरणीत, कारखान्यात, बिगारी कामावर वेळेत पोहोचण्याचे ते साधन होते. जुनी माणसे सांगतात की कित्येक गावांत आपल्या माणसाला वाड्यासमोरून सायकलवर बसून जाण्याची मुभा नव्हती, उतरून हातात धरून न्यावी लागे. म्हणून शहरात आल्यावर सायकल घेणे ही पहिली पायरी झाली आणि ती सोडून मोटरसायकल घेणे ही दुसरी. सायकल सुटली म्हणजे गरिबी सुटली, असा आपला हिशोब. तो चुकीचा होता असे म्हणायला आम्ही बसलेलो नाही. पण सायकल घरातून गेली त्याच काळात शुगर आणि बीपीच्या गोळ्या घरात आल्या. त्याला झोप, तंबाखू, मीठ, कामाची काळजी अशी आणखीही कारणे आहेत. तरी पायांचे चालणे थांबले, हे त्यातले मोठे कारण आहे आणि ते आपल्या हातातले आहे.

या आजारांनी आपल्या चळवळीचे किती नुकसान केले ते आठवा. बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने आणि मंदावलेल्या दृष्टीने शेवटची वर्षे त्यांना फार त्रास दिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते आणि धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. पुढे १९८३ च्या मार्चमध्ये त्यांनी डीएस-फोरचा सायकल मोर्चा काढला. सुमारे १०० कार्यकर्ते दिल्लीहून निघाले आणि ४० दिवस सायकलींवरून वस्त्या-वस्त्यांत विचार पोहोचवत फिरले. गाडीला पैसे नव्हते, पण पाय होते आणि दोन चाके होती. त्याच कांशीरामांना पुढे मधुमेहाने गाठले, २००३ साली पक्षाघात झाला आणि २००६ साली ते गेले. ज्यांच्याकडे वेळ नव्हता त्यांची ही गोष्ट. आपल्याकडे आठवड्यातले अडीच तास तरी निघतील.

अडीच तास हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा, असे ती सांगते. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस.

इथे एक प्रश्न हमखास येतो. आमचा माणूस दिवसभर राबतो, त्याला आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. जी ताई पहाटे चारला उठून रस्ते झाडते आणि नंतर घरचे करते, तिला आम्ही सायकल चालवायला सांगणार नाही. तिला झोप आणि पोटभर सकस जेवण हवे. पण रिक्षा चालवणारा, बारा तास गेटवर खुर्चीत बसणारा वॉचमन, शिलाई मशीनवरची बहीण, ऑफिसातला शिपाई हे सगळे थकतात, पण त्यांचा दम वाढत नाही. ओझे उचलून पाठ दुखते. हृदय आणि फुप्फुसे मात्र सलग वीस-तीस मिनिटे एका लयीत चालणाऱ्या कामानेच तयार होतात. सायकल तेच करते, आणि वजन सीटवर राहत असल्याने गुडघ्यांवर धावण्याइतका भार पडत नाही.

रात्रपाळी करून आलेल्याने मात्र त्याच सकाळी निघू नये. झोपेत रस्त्यावर असणे व्यायाम न करण्यापेक्षा वाईट.

आधी एक काम करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, ती तपासून घ्या. चालताना छातीत दुखते, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असे असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सायकलवर बसू नका. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर नाही तर ग्लुकोजची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम सुटला, एकदम भूक लागली, तर थांबून ती आधी खावी, मग बाकीचा विचार.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक. आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, हे लपवण्यासारखे नाही आणि विसरण्यासारखेही नाही. रक्त तपासून घेतले नसेल तर घ्या. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना व्यायामाची बंदी नाही, पण उन्हात, तहानलेल्या अंगाने, एकदम जोर लावून चालवू नये. तिकडच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी परतलेले बरे.

आता सायकल. नवी घेऊ नका. गिअरची, बारीक टायरची महागडी सायकल दुकानात छान दिसते, पण पहिल्या वर्षी तिची गरज नाही. जिन्याखालची बावीस इंची दांडीची सायकल जड असते, म्हणजे तेवढाच व्यायाम जास्त. सायकलवाल्याकडे देऊन तिचे ओव्हरऑईल करून घ्या, ब्रेकचे रबर आणि गरज असेल तर टायर-ट्यूब बदला. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. हेल्मेट मात्र विकत घ्यायचेच.

सीटची उंची ही सर्वात दुर्लक्षिलेली गोष्ट. बहुतेक जण दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील एवढी सीट खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे धरून बसतात. सीटवर बसून पायडल पूर्ण खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढी उंची बरोबर. थांबताना एका पायाचा चवडाच जमिनीला लागेल. दोन दिवसांत सवय होते. टायरमध्ये हवा कमी ठेवून जोर लावत बसणे हा व्यायाम नव्हे, ते नुसते ट्यूबचे नुकसान.

मग किती चालवायची? इथे आम्हाला सोण कोळिविस या भिक्खूची गोष्ट सांगावीशी वाटते. राजगृहाजवळच्या सीतवनात त्यांनी इतके चंक्रमण केले की पाय फुटून रक्त आले, तरी मनासारखे साधेना, आणि ते सगळे सोडून घरी जाण्याचा विचार करू लागले. घरी असताना ते वीणा वाजवत. भगवान बुद्धांनी त्यांना वीणेच्या तारांबद्दलच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? आपल्या तरुणांचे हुबेहूब असेच होते. पहिल्या रविवारी ४० किलोमीटर मारतात, सोमवारी पाय उचलत नाही, आणि पुढचा रविवार उजाडतच नाही.

म्हणून पहिले चार आठवडे वेगाचे नावच काढू नका. आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस-पंचवीस मिनिटे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, हा योग्य जोर. बोलता येत नसेल तर कमी करा. गाणे म्हणता येत असेल तर थोडे वाढवा. पायडलवर दात-ओठ खाऊन जोर देण्यापेक्षा ते हलके आणि भराभर फिरवा, मिनिटाला साधारण साठ ते ऐंशी फेरे. मग दर आठवड्याला एकूण वेळ थोडा थोडा वाढवा, दहाव्या हिश्शाहून जास्त नको. दोन महिन्यांनी आठवड्यातला एक दिवस जोराचा ठेवा: दहा मिनिटे सावकाश, मग एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटे हळू, असे पाच वेळा. दम वाढतो तो या दिवसामुळे, पण आधीचे दोन महिने नसतील तर या दिवसाने दुखणेच येते.

फरक कळतो कसा? वजनकाट्यावर लगेच नाही. अर्धा तास मध्यम गतीने चालवले तर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात आणि परत येताना खाल्लेला एक वडापाव त्याहून जास्त भरतो. नाडी पाहा. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मनगटावर बोटे ठेवून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आकडा वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांत तो खाली येऊ लागतो, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलायला शिकते. शुगरवरचा परिणाम त्याहून लवकर दिसतो. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून मधुमेह असलेल्याने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

बायकांनी काय करावे, असे विचारतात. वेगळे काही नाही. कित्येक खेड्यांत मुलीला मानव विकास मिशनमधून मिळालेली बिनदांडीची सायकल घरी असते, ती आईलाही चालते. ओढणी पाठीमागे गाठ मारून बांधा, चेनमध्ये अडकते. चाळिशीत सायकल शिकायला लाज वाटते म्हणतात. विहाराच्या मैदानावर पहाटे साडेपाचला, मुलीने मागून कॅरिअर धरून, पंधरा दिवसांत येते. हसणारे त्या वेळी झोपलेले असतात.

एकट्याने चालवणे फार दिवस टिकत नाही, म्हणून रविवारचे ठिकाण ठरवा. पिंपरीहून देहूरोडचे विहार साधारण १० किलोमीटर आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. रोज अर्धा तास चालवणारा माणूस दोन महिन्यांत तिथे आरामात जाऊन येऊ शकतो. पुढे तितक्याच अंतरावर तळेगाव, तिथे बाबासाहेबांचा बंगला आहे. ते तिसऱ्या-चौथ्या महिन्याचे काम. जुन्या हायवेवर ट्रक सुरू होण्याआधी, उजेड पडताच निघायचे. डावी बाजू धरून, एकामागे एक. सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवायचे, म्हणजे कोणी मागे सुटत नाही. निघण्यापूर्वी एक केळे किंवा अर्धी भाकरी, बाटलीत साधे पाणी. तास-दीड तासाला रंगीत बाटल्यांची गरज नसते, फार घाम येत असेल तर लिंबू-मीठ-साखर. पोहोचण्याआधीची पाच-दहा मिनिटे पाय हलके सोडायचे, एकदम थांबून बसायचे नाही. वंदना करा, थोडे टेका, ऊन चढण्याआधी परत फिरा. पंप, सोल्युशन, रबराचे दोन तुकडे आणि पाना गटात एकाकडे तरी असू द्या. रविवारी सकाळी सहाला पंक्चरचे दुकान उघडे नसते.