चूल न पेटवता पुडिंग

मे महिन्यात जबलपूरमध्ये दुपारी स्वयंपाकघरात शिरायचे म्हणजे शिक्षाच. बाहेर लू वाहते आहे, आत गॅस तापलेला, आणि शाळेला सुटी असल्याने मुले दर दोन तासांनी ‘काहीतरी गार दे ना’ म्हणून पदर ओढतात. आइस्क्रीम तरी रोज किती आणायचे? अशा दिवसांत चियाच्या पुडिंगसारखा दुसरा सोयीचा पदार्थ नाही. ना भट्टी, ना कुकर, ना तास-तास आटवलेले दूध. रात्री पाच मिनिटे ढवळायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि सकाळी वर फळे घालून वाट्या समोर ठेवायच्या.

कचनार सिटीतल्या ७६ फुटी शंकराच्या मूर्तीमुळे ओळखले जाणारे विजय नगर तसे नव्या वस्तीचे. पण जबलपूरशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १७९८ ते १८१७ या काळात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि पुढे १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे इथल्या मराठी घरांत साबुदाण्याची खिचडी आणि खोव्याची जलेबी शेजारी शेजारी नांदतात. अशा घरात चियाची पुडी आली की आजीबाई चष्मा सावरून बी न्याहाळतात आणि निकाल देतात, ‘अगं, हा तर सब्जा! यासाठी एवढे पैसे मोजलेस?’

आजींचा निकाल थोडासा चुकतो. सब्जा हे तुळशीच्या एका जातीचे बी, तर चिया हे मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडच्या एका झुडपाचे. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, म्हणून बिया चुलत बहिणींसारख्या दिसतात. सब्जा एकसारखा काळा असतो; चियाच्या दाण्यावर मात्र करडे, तपकिरी, पांढरे ठिपके असतात. खरा फरक भिजवल्यावर कळतो. सब्जा दहा-पंधरा मिनिटांत फुगतो आणि प्रत्येक दाणा आपापल्या पारदर्शक डगल्यात सुटा राहतो, म्हणून तो फालुद्यात शोभतो. चिया सावकाश, तासा-दोन तासांत फुगतो, आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी धरून ठेवतो आणि सगळे दूधच दाट करतो. अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातल्यावर कसे गच्च होतात, ते आठवावे. दाण्याच्या सालीत असलेल्या चिकट तंतूंची ही किमया आहे. अंडे, जिलेटिन, कॉर्नफ्लॉवर यांचे काम तेच करतात.

परदेशी बी, पण सोबत ओळखीची

‘मेक्सिकोचे बी आमच्या उपवासाला कसे चालेल?’ हा पुढचा प्रश्न. चालते की नाही ते ज्या त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. पण उपवासाच्या ताटाकडे एकदा नीट पाहावे. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, एवढेच काय पण राजगिरासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला! पेरू, पपई, अननस आणि सीताफळही तिकडचीच. मेक्सिकोचे ॲझटेक लोक मका, घेवडा आणि राजगिऱ्याबरोबर चियाही पिकवत आणि तो खंडणी म्हणून राजाच्या कोठारात जमा होई. म्हणजे राजगिऱ्याची ही जुनी मैत्रीण आपल्याकडे चारशे वर्षे उशिरा पोहोचली, इतकेच.

मधल्या काळात तिची दशाही गमतीची झाली. १९८०च्या दशकात अमेरिकेत मातीच्या प्राण्यांवर चिया पेरून हिरवी ‘लव’ उगवणारी खेळणी टेलिव्हिजनच्या जाहिरातींमुळे घरोघर गेली. खाण्याचे बी म्हणून तिला मान मिळाला तो बराच नंतर. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना या पिकाची ओळख करून दिली. आता मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत चियाचे सौदे होतात आणि विदर्भात वाशिमकडचे शेतकरीही रब्बीत चिया पेरू लागले आहेत. तेव्हा पुडी घेताना ती भारतीय मालाची आहे का, हे पाहायला हरकत नाही.

करायचे कसे

चार वाट्यांसाठी दोन कप दूध (सुमारे अर्धा लिटर), सहा मोठे चमचे चिया, बिया काढून बारीक चिरलेले सात-आठ खजूर, चिमूटभर वेलची पूड आणि हंगामातले फळ एवढे साहित्य पुरे. दूध तापवून पूर्ण गार केलेले असावे. चिया आधी ताटात पसरून निवडून घ्यावा. सुट्या मालात खडा निघू शकतो आणि एवढ्या बारीक दाण्यात तो दाताखाली येईपर्यंत कळत नाही. खजूर थोड्या दुधात मिक्सरमधून काढून उरलेल्या दुधात मिसळावेत. मग एका हाताने चिया भुरभुरवत दुसऱ्या हाताने ढवळावे, शेवयांच्या खिरीसारखे.

नव्याने करणाऱ्यांची फजिती होते ती पुढच्या पायरीवर. एकदा ढवळून भांडे फ्रीजमध्ये ठेवले की सकाळी तळाशी गठ्ठा आणि वर पातळ दूध! कारण पहिल्या काही मिनिटांत दाणे खाली बसतात आणि तिथेच एकमेकांना चिकटतात. म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावे, आणखी दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. मगच झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावे. किमान चार तास, रात्रभर उत्तम. जबलपूरच्या उन्हाळ्यात ते ओट्यावर मुळीच ठेवू नये; दूध नासायला वेळ लागत नाही. सकाळी फार घट्ट वाटले तर दोन चमचे दूध घालावे, पातळ वाटले तर चमचाभर चिया घालून तासभर थांबावे. दाणे जिभेला लागलेले मुलांना आवडत नसतील तर तयार पुडिंग मिक्सरमधून एकदा फिरवले की ते मऊसूत होते.

फळांच्या बाबतीत मात्र थोडा विचार हवा. आंबा, केळे, चिकू दुधाशी गुण्यागोविंदाने राहतात. पावसाळा सरला की सिवनीकडची सीताफळे येतात. त्यांचा गर यात अप्रतिम लागतो, फक्त बिया काढण्याचे काम घरातल्या रिकाम्या हातांना द्यावे. अननस, पपई आणि किवी कच्चे असताना दुधात मिसळून ठेवू नयेत. त्यांतली पाचक द्रव्ये दुधातली प्रथिने फोडतात आणि पुडिंग कडू होते. अशी फळे खायच्या क्षणी वर घालावीत. नागपुरी संत्र्याचेही तसेच. आंबटपणाने दूध फाटू नये म्हणून फोडी शेवटी. दूध चालत नसेल त्यांनी नारळाचे दूध घ्यावे. फळ पिकलेले असेल तर साखर लागतच नाही. पुडिंगमध्ये चार चमचे साखर घालून त्याला ‘पौष्टिक’ म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक.

गुण किती, गाजावाजा किती

शंभर ग्रॅम चियात साधारण ३४ ग्रॅम तंतुमय पदार्थ, १६ ग्रॅमच्या वर प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पण शंभर ग्रॅम कोणी खात नाही. वरच्या मापाने एका वाटीत सुमारे १८ ग्रॅम चिया येतो. म्हणजे साधारण सहा ग्रॅम तंतू. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्याला ३० ग्रॅमच्या आसपास तंतू हवेत, हे लक्षात घेतले तर एका वाटीतून पाचवा हिस्सा मिळतो. सकाळी बिस्किटे आणि चहावर निघणाऱ्यांसाठी हे काही थोडे नाही. बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्या आजी-आजोबांनाही उपयोग होतो, मात्र सोबत पाणी भरपूर प्यायला हवे.

वजन घटवण्याच्या आश्वासनांबद्दल मात्र सावध असावे. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त वजनाच्या व्यक्तींना बारा आठवडे रोज ५० ग्रॅम चिया दिला गेला. त्यांच्या वजनात काहीच फरक पडला नाही. चियातल्या ज्या ओमेगा-३ स्निग्धांशाचे कौतुक होते, तो आपल्या जवसात त्याहून थोडा जास्तच असतो. मध्य प्रदेशात जवस मुबलक पिकतो आणि जबलपूरच्याच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने, ज्याची स्थापना १९६४ सालची, त्याचे ‘जवाहर’ नावाचे वाण काढले आहेत. ज्यांच्या जेवणात जवसाची चटणी रोज असते, त्यांनी चियासाठी खिशाला चाट लावलीच पाहिजे असे नाही. पण जवसाचे पुडिंग होत नाही, हेही तितकेच खरे!

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी: कोरडा चिया तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका ३९ वर्षांच्या पुरुषाची हकीकत मांडली होती. त्याला आधीपासून गिळण्याचा त्रास होता. त्याने चमचाभर कोरडा चिया खाऊन वर पेलाभर पाणी प्यायले. दाणे अन्ननलिकेतच फुगून अडकले आणि दुर्बिणीच्या मदतीने काढावे लागले. गिळायला त्रास होणारे वृद्ध आणि अगदी लहान मुले यांच्यापासून कोरड्या बियांची बरणी दूरच ठेवावी. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर रोज खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ज्यांच्या पोटाला तंतूंची सवय नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच घ्यावी, नाहीतर पोट फुगते आणि दोष बिचाऱ्या पुडिंगला लागतो.

फळे न घातलेले पुडिंग फ्रीजमध्ये दोन दिवस चांगले राहते. फळे घातली की त्याच दिवशी संपवावे. मुले वाटीकडे पाहून नाक मुरडू लागली तर काचेच्या पेल्यात एक थर पुडिंगचा, एक आंब्याच्या फोडींचा, पुन्हा पुडिंग आणि वर थोडे भाजलेले शेंगदाण्याचे कूट, असे सजवून पाहावे. आणि तरीही उरलेच, तर आंब्याचा रस मिसळून कुल्फीच्या साच्यात भरावे, काडी खोचावी आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवून द्यावे. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘काहीतरी गार दे ना’ची हाक येईलच.