हौसेचा बंब आणि आपला ट्रॅक्टर



हौसेला मोल नसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बेंदराला बैलाची शिंगं रंगवायची, पाठीवर झूल टाकायची, गळ्यात घुंगुरमाळा बांधायच्या आणि वाजतगाजत गावातून फिरवायचं. यानं नांगर काही खोल जात नाही. पण वर्षभर राबणाऱ्या जिवाचा एक दिवस मान करायचा असतो. अलीकडं बैल कमी झाले, तशी ही हौस ट्रॅक्टरवर उतरली. बॉनेटवर पोराचं नाव, कुलदैवताचा फोटो, रंगीत दिवे आणि मागं ट्रॉलीत ऊस. आपल्या कारखान्याच्या वजनकाट्यासमोर हंगामात उभं राहिलं की हे सगळं बघायला मिळतं.

अमेरिकेत अशीच हौस आगीच्या बंबावर करणारे लोक आहेत. अपघाताला धावून जाणारी गाडी स्वतःच्या खर्चानं बांधायची, वर्षानुवर्षं जपायची आणि मेळाव्यात नेऊन लोकांना दाखवायची, हा त्यांचा छंद. ऐकायला गंमत वाटते. पण त्यात आपण घेण्यासारखं बरंच आहे, म्हणून आज त्याची हकीकत देत आहोत.

बंबांचे मेळावे

जुने मोटार बंब जतन करणाऱ्या हौशी लोकांची एक मोठी संस्था तिकडे 1958 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात सुरू झाली. आज तिच्या शाखा ठिकठिकाणी आहेत. सभासदांत अग्निशमन दलातून निवृत्त झालेले जवान असतात, मेकॅनिक असतात, शेतकरी असतात, आणि लहानपणी बंबामागं पळत गेलेली साधी नोकरदार मंडळीही असतात.

त्यांच्या मेळाव्यांत गाड्यांची मिरवणूक निघते. मग पंप चालू करून पाण्याची धार किती लांब जाते ते दाखवतात. हातोहात बादल्या देऊन पाणी ओतण्याच्या शर्यती लागतात. नुसता रंग चकचकीत असून भागत नाही. पंपानं पाणी ओढलं पाहिजे.

एक्कावन्न नंबरची गाडी

या छंदातली एक गाडी सगळ्यांची लाडकी आहे, ती म्हणजे ‘स्क्वॉड 51’. तिची गोष्ट समजायची तर थोडं मागं जावं लागेल.

1960 च्या दशकात अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही अपघातात सापडलेल्या माणसाची परवड होती. कित्येक गावांत अंत्यविधीचं काम करणारा व्यावसायिकच आपली गाडी रुग्णवाहिका म्हणून वापरी. म्हणजे गाडी तीच, जिवंत असो की मेलेला! 1966 साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं अहवाल देऊन या दुर्लक्षावर बोट ठेवलं. मग 1970 मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला. शिक्षण घेतलेल्या जवानाला अपघाताच्या जागीच इंजेक्शन देण्याची, हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देण्याची मुभा मिळाली. त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

पण कायदा झाला म्हणून गावोगाव सेवा सुरू होत नाही. लोकांना ती माहीत हवी, मागता यायला हवी. ते काम केलं एका टेलिव्हिजन मालिकेनं. ‘इमर्जन्सी!’ नावाची ही मालिका जानेवारी 1972 मध्ये एनबीसीवर सुरू झाली आणि 1977 पर्यंत चालली. त्यात लॉस एंजेलिस परगण्याच्या अग्निशमन दलाचे दोन जवान एका लाल ट्रकमधून धावून जात. तोच हा स्क्वॉड 51. मालिका बघून लोक आपापल्या गावात विचारू लागले, की अशी गाडी आपल्याकडं का नाही?

मालिकेतला मूळ ट्रक आज कॅलिफोर्नियातल्या बेलफ्लॉवर गावी, परगण्याच्या अग्निशमन संग्रहालयात आहे. मालिकेतली काही साधनं 2000 साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयानं आपल्याकडे ठेवून घेतली. आणि हौशी लोक आजही त्या ट्रकची हुबेहूब जोड घरी बांधतात.

गाडी बांधायची म्हणजे काय

स्क्वॉड 51 हा डॉज कंपनीचा डी-300 जातीचा एक टनी ट्रक. मागं दोन्ही बाजूंना कप्पे असलेली लोखंडी पेटी. पेशंट त्यातून नेत नाहीत, त्याला रुग्णवाहिका वेगळी येते. या ट्रकचं काम म्हणजे माणसं आणि सामान आधी पोचवणं.

हौशी माणूस आधी त्याच काळातला जुना ट्रक शोधतो. गंज काढायचा, पाटे बघायचे, ब्रेक नवे करायचे, मग कप्प्यांची दारं नीट बसवायची. दिवे आणि भोंगा विजेवर चालतात, म्हणून जुन्या वायरिंगवर भागत नाही, ते नव्यानं ओढावं लागतं. रंग सगळ्यात शेवटी. रंगानं सुरुवात करणाऱ्याची गाडी अंगणातच राहते, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

खरी चिकाटी लागते ती सामान जमवायला. ऑक्सिजनची पेटी, औषधांची पेटी, दोर, अडकलेला पत्रा फाकवायचा जॅक, दरीतून माणूस वर काढायची जाळीची डोली. आणि सगळ्यात मोलाचा तो नारिंगी रंगाचा ‘बायोफोन’. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख आवाजात बदलून रेडिओवरून इस्पितळात पाठवायचा, तिथं त्या आवाजाची पुन्हा कागदावर रेघ उमटायची आणि डॉक्टर तिथूनच सांगायचे, काय द्यायचं ते. मोबाईल येण्याआधीची ही युक्ती!

प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अंधारात, पावसात, घाईत हात घातला की तीच वस्तू हाताला लागली पाहिजे. प्रदर्शनात कप्प्यांची दारं उघडून ठेवतात, पोरंसोरं येतात, हे कशाला, ते कशाला विचारतात. मालक एकेक वस्तू दाखवून समजावतो. कुणाला आपल्या बापाचा जीव अशाच गाडीनं वाचल्याचं आठवतं. कौतुक होतंच, पण बघणाऱ्यांना मदत कशी पोचते तेही कळतं.

आणखी एक शिस्त बघण्यासारखी आहे. लाल दिवा आणि भोंगा रस्त्यावर वापरायचा हक्क तिकडेही अधिकृत गाड्यांनाच असतो. म्हणून समजूतदार मालक सार्वजनिक रस्त्यावर दिवे बंद ठेवतो, त्यावर झाकणं घालतो. मैदानात पोचल्यावर झाकणं काढायची. खोट्या भोंग्याला लोक सरावले की खऱ्याला वाट मिळत नाही, हे त्याला कळतं.

आता आपल्या दारात

आपल्याकडेही 1 मे 2017 पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. असे दिवे आता संकटात धावणाऱ्या गाड्यांसाठीच राहिले. महाराष्ट्रात 108 नंबरची रुग्णवाहिका 2014 पासून धावते. फोन केला की गाडी निघते, पण तिला रस्ता कुणी द्यायचा?

इथं आपल्या ट्रॅक्टरची हौस आडवी येते. दोन ट्रॉल्या ऊस, अरुंद रस्ता, आणि मडगार्डवर कानठळ्या बसवणारा स्पीकर. मागं रुग्णवाहिका ओरडत असते, ड्रायव्हरला पत्ताच नसतो. त्या गाडीत आपल्याच भावकीतली बाळंतीण असू शकते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली केलेल्या दुरुस्तीनुसार अशा गाडीला वाट न देणाऱ्यास 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाच्या भीतीनं करायची ही गोष्ट नव्हे.

तशीच गोष्ट ट्रॉलीच्या मागच्या बाजूची. बॉनेटवर हजारो रुपयांची रोषणाई आणि मागं साधा रिफ्लेक्टर नाही. रात्री मोटारसायकलवाला येऊन उसात घुसतो, तो मागून. मग हौस मागच्या बाजूला करायला काय हरकत आहे?

आणि फडाला आग लागते तेव्हा तालुक्याचा बंब यायला वेळ लागतो. गावातले टँकर आपल्याच सभासदांचे असतात. पण टँकर रिकामा, पंप दुसऱ्याच्या विहिरीवर, पाइप कुठं आहे ते फक्त गड्याला ठाऊक आणि गडी गेलाय बाजाराला! जळालेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर उतरते, पैसे कापले जातात, हे आपण सोसून आहोत.

म्हणून हंगामाच्या तोंडावर एवढं करावं:

1. प्रत्येक गावात निदान एक टँकर हंगामभर भरलेला ठेवावा. पंप आणि पाइप त्याच्यावरच, जागा ठरवून बांधलेले असावेत. आठवड्यातून एकदा पंप चालवून बघावा.
2. हजार लिटर पाण्याचं वजन एक टन. अर्धा भरलेला टँकर वळणावर पाणी हिंदकळून कलंडतो. टाकीत आडवे पडदे बसवून घ्यावेत.
3. फडावर विजेची तार असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये. आधी महावितरणला कळवावं.
4. ट्रॉलीच्या मागं व बाजूला रिफ्लेक्टर लावावेत. चिखल-पाचट पुसून काढावं.
5. रस्त्यावर स्पीकर बंद. भोंगा ऐकू आला की गाडी डावीकडं घ्यावी.
6. टँकरवाल्यांचे फोन नंबर मुकादमाकडं, सोसायटीत आणि शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावेत.

हौस जरूर करावी. ट्रॅक्टर सजवावा, त्यावर पोराचं नाव घालावं. यंदा बेंदराच्या मिरवणुकीत बैलांच्या मागोमाग गावचा टँकरही धुऊन-पुसून काढा, चौकात उभा करा आणि पोरांसमोर एकदा पंप चालवून दाखवा. पाइप कुठं जोडायचा हे त्या दिवशी चार पोरांना कळलं, तरी मिरवणूक कारणी लागली म्हणायची.