शेक संपला, मग पुढे?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हटलं की आपल्या घरांत आवाज आपोआप खाली येतो. 'तिच्या पिशवीचं काहीतरी निघालं' एवढंच मोहल्ल्यात कळतं. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा आजार होतो. लवकर सापडला तर तो बरा होतो. अल्लाहच्या कृपेने बऱ्या झालेल्या भगिनी आपल्या आजूबाजूला आहेत. मात्र बरं झाल्यानंतर त्या कशा जगतात, हे आपण विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत.

आमच्या शाळेत पालकसभेला येणाऱ्या आयांपैकी एखादी दाराजवळचीच खुर्ची धरते, चहा घेत नाही, मध्येच उठून जाते. आम्हा शिक्षिकांना त्याचं कारण ठाऊक असतं. दोन वर्षांपूर्वी शेक घेतलेला असतो. आता दिवसातून सहा-सात वेळा शौचाला जावं लागतं, तेही अचानक. एसटीचा लांबचा प्रवास बंद, लग्नाला जाणं बंद.

असं का होतं? ऑपरेशनमध्ये गर्भाशय काढलं की ओटीपोटात जागा मोकळी होते आणि लहान आतडं खाली सरकून ती व्यापतं. काही जणींना ऑपरेशननंतर रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो तो, घ्यावा लागतो आणि तो नेमका त्याच जागी द्यायचा असतो. कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशी त्याने मरतात, पण आतडंही भाजून निघतं. त्रास कधी कधी महिन्यांनी, वर्षांनी सुरू होतो. तोवर घरच्यांनी आजार संपला असं धरलेलं असतं.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संस्था आहे. तिथल्या रेडिएशनतज्ज्ञ डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. ऑपरेशन झालेल्या ३०० रुग्ण स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने शेक, दुसऱ्या गटाला 'आयएमआरटी' पद्धतीने. या दुसऱ्या पद्धतीत किरण अनेक बाजूंनी, कमी-जास्त जोराने सोडतात. शेक द्यायच्या आधी आतलं चित्र घेऊन जागा पक्की करतात, म्हणजे आतड्याच्या वाट्याला किरण कमी येतात. रुग्णांची भरती २०११ ते २०१९ अशी चालली आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधोपचार लागावेत इतका आतड्याचा त्रास तीन वर्षांत नेहमीच्या गटात शंभरातल्या सुमारे ४२ जणींना झाला, दुसऱ्या गटात सुमारे २१ जणींना. म्हणजे निम्मा. आणि आजार उलटण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही.

आम्हाला या कामाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी की इथे बाईच्या जुलाबांची मोजदाद झाली. 'जीव वाचला ना, मग एवढं सोसायचं' हे वाक्य आपल्याकडे सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी डॉक्टरही म्हणतात. एका मोठ्या संशोधनाने ते मान्य केलं नाही.

बाकीचे त्रास आणखी मुके आहेत. ओटीपोटाला शेक दिला की बीजकोश थांबतात, पस्तिशीतही पाळी कायमची जाते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. योनिमार्ग आक्रसतो, कोरडा पडतो. पती-पत्नीचा संबंध दुखरा होतो. बायको लांब राहते, शौहर गैरसमज करून घेतो. त्यावर उपाय आहेत. मार्ग आक्रसू नये म्हणून वापरायचं साधन मिळतं, मलम मिळतं. पण डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय ते हाती येत नाही. तपासणीला पती सोबत असेल तर हे त्याच्यासमोरच समजावून घ्यावं, असं आम्हाला वाटतं.

काही भगिनी नमाजच सोडून बसतात. वुजू टिकत नाही, कपडे पाक राहत नाहीत, म्हणून मन खात राहतं. अशा माजूर व्यक्तीसाठी फिक्हमध्ये सवलत आहे. हनफी मताप्रमाणे एका नमाजच्या वेळेपुरता एक वुजू पुरतो, शाफई मताप्रमाणे प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वुजू करायचा. मध्ये त्याच त्रासाने काही झालं तरी नमाज होते. आपला त्रास या सवलतीत बसतो का, हे आलिमांना विचारायला संकोच वाटत असेल तर घरातल्या पुरुषामार्फत विचारून घ्यावं.

घरात कोणाचं ऑपरेशन झालं असेल आणि शेक ठरला असेल, तर तो कोणत्या पद्धतीने देणार आणि आयएमआरटीची सोय तिथे आहे का, हे सुरू होण्याआधी विचारा. पहिली दोन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिने ते वर्षाने तपासणी असते. जाताना शौचाला किती वेळा जावं लागतं, रक्त पडतं का, पायाला सूज येते का, हे कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, कागद तरी पुढे करता येतो.