सेल, टेस्ट, चेंज : शब्द ओळखीचे, वाक्य इंग्रजी



"आम्हाला कुठलं इंग्रजी येतंय बाई," असं बैठकीत तुम्ही म्हणता आणि त्याच दमात लोन, पासबुक, स्टॉल, पॅकिंग, ऑर्डर एवढं सगळं बोलून जाता! शब्द तुमच्याकडे आहेतच. अडचण अशी की मराठीत रुळताना यातल्या काहींचा अर्थ थोडा सरकलाय. सणासुदीला माल घेऊन दादर, लालबाग, गिरगावकडे जाणार असाल तर हे नीट वाचा. तिथली बरीच गिऱ्हाईकं मराठीच बोलतात, त्यांच्याशी मराठीतच बोला. पण एखादं इंग्रजी बोलणारं आलं, तर एका शब्दावरून ते परत जाऊ नये.

सगळ्यात फसवा शब्द सेल. आपल्याकडे सेल म्हणजे स्वस्तातला माल. समजा, दादरच्या स्टॉलवर एका बाईंनी विचारलं, "इज धिस फॉर सेल?" आणि तुम्ही म्हणालात, "नो सेल, फिक्स रेट." त्या पाकीट खाली ठेवून चालू लागतील. कारण त्यांनी एवढंच विचारलं होतं की हे विकायला आहे का. उत्तर द्यायचं, "येस, इट इज फॉर सेल." भाव कमी करणार नसाल तर वेगळं सांगा: "नो डिस्काउंट. द प्राइस इज फिक्स्ड."

दुसरा शब्द टेस्ट. आपण चवीलाही टेस्ट म्हणतो आणि रक्ताच्या तपासणीलाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. चवीचा 'टे' लांबवायचा, तपासणीचा आखूड ठेवायचा. चिवडा पुढे करून म्हणा, "प्लीज टेऽस्ट इट." आणि लसणाच्या चटणीकडे बोट दाखवून कुणी "इज इट हॉट?" म्हणालं, तर ती गरम आहे का असं नाही, तिखट आहे का असं विचारतायत.

चेंज म्हणजे सुट्टे. "सॉरी, आय डोन्ट हॅव चेंज." पाकीट बदलून द्यायचं असेल तर शब्द एक्स्चेंज: "आय विल एक्स्चेंज इट."

पाकिटावरच्या तारखेबाबत मात्र गंमत नको. 'धिस इज एक्सपायरी' असं वाक्य होत नाही. एक्सपायरी ही तारीख. माल जुना झाला असेल तर "इट हॅज एक्सपायर्ड," आणि तो विकायचाच नाही. 'बेस्ट बिफोर' याचा अर्थ वेगळा: त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम. दोन्हीला सरसकट एक्सपायरी म्हणू नका.

आता आपला रोजचा विषय, कर्ज. मराठीत उसने घेतो आणि उसने देतो, शब्द एकच, 'उसने'. इंग्रजीत घेणाऱ्याचा शब्द बॉरो, देणाऱ्याचा लेंड. गिरगावचंच उदाहरण घेऊ. १५ मार्च १९५९ ला तिथे सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची लिज्जत. त्यांच्या बाजूने वाक्य होतं, "सेव्हन विमेन बॉरोड एटी रुपीज." पैसे देणाऱ्याच्या बाजूने, "ही लेंट देम एटी रुपीज." गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तिथे म्हणायचं, "द बँक लेंट देम मनी." तुमच्या गटाला कुणी विचारलं तर, "वी बॉरोड फ्रॉम द बँक." चुकून "वी लेंट" म्हणालात, तर बँकच तुमची कर्जदार झाली की!

हे वाचून पाठ होणार नाही, बोलायलाच लागेल. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. जोडीने बसा, एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, मध्ये पापडाचं पाकीट. पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा: "इज धिस फॉर सेल?"